कोथरूडमध्ये शंभर लिटर समुद्र

“एकच कोळंबी?” मावशींनी पुन्हा विचारलं.

एकच. सालासकट, न धुतलेली.

“मांजर आहे का घरी?”

मी मान डोलावली, कारण खरं सांगितलं असतं तर मागे रांगेत उभे असलेले सगळे हसले असते. ती कोळंबी मला खायची नव्हती आणि मांजर तर आमच्याकडे नाहीच. ती जुन्या पायमोज्यात बांधून मला टाकीत सडवायची होती. टाकीत तेव्हा एकही मासा नव्हता. दगड, वाळू आणि खारं पाणी, बस. ते पाणीही मी बादलीत पिशवीतलं मीठ ढवळून केलेलं. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर दुसरा समुद्र आणायचा तरी कुठून?

रीफ टँक, म्हणजे पोवळ्यांची खाऱ्या पाण्याची टाकी, म्हटलं की डोळ्यांपुढे येतात केशरी मासे आणि निळ्या उजेडात डुलणारी पोवळी. प्रत्यक्षात पहिला दीड महिना आपण पाळतो ते बॅक्टेरिया. दिसत नाहीत, दाखवता येत नाहीत, पाहुणे विचारतात “मासे कुठायत?” आणि आपण म्हणतो “येतील”. माझ्या पाहण्यात जितक्या टाक्या बंद पडल्या, त्यातल्या बहुतेक या रिकाम्या दीड महिन्याचा कंटाळा आल्यामुळे पडल्या.

कोळंबीचं काम काय ते आधी सांगतो. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं अन्न कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरतो. काचेच्या पेटीत तो साठतो आणि मासा स्वतःच्याच विषात पोहतो. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो. पीएच 7 च्या गोड्या पाण्यात जितका अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या दहापटीहून जास्त इथे असतो. म्हणून गोड्या पाण्यात गोल्डफिश पाळून आलेला माणूस “मला जमतं की हे” म्हणतो आणि इथे फसतो.

निसर्गात यावर तोड आहे. बॅक्टेरियांचा एक गट अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट थोडं असेल तर चालतं, आणि ते पाणी बदलून कमी करता येतं. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत बसत नाहीत. दगडांच्या भोकांत, वाळूच्या कणांवर घर करतात. दगड सच्छिद्र हवा तो यासाठीच. पण त्यांची वाढ फार सावकाश होते. विरजण रात्रभरात लागतं, ह्यांना आठवडे लागतात. बाटलीत तयार बॅक्टेरिया मिळतात, ते म्हणजे विरजणच. ते घातलं की काम लवकर होतं, पण दूध तापवलेलंच नसेल तर विरजण काय करणार? खायला अमोनिया हवाच. म्हणून कोळंबी.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. बायकोने खिडक्या उघडल्या आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं. टेस्ट किटच्या नळीत अमोनियाचा पिवळा रंग हिरवा होत गेला. बाराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत जांभळट झाक आली, म्हणजे पहिला गट कामाला लागला होता. मग अमोनिया उतरू लागला, नायट्राइट चढत राहिलं, आणि पस्तिसाव्या दिवशी दोन्ही नळ्या कोऱ्या. तरी मासा आणायचा नाही. पुन्हा थोडा अमोनिया द्यायचा आणि चोवीस तासांनी मोजायचं. एका दिवसात दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. या सगळ्याला शौकीन मंडळी “टाकी सायकल करणं” म्हणतात.

आता पाणी. ही गोष्ट मी जरा लांबवणार आहे, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडाले.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, बोअरच्या पाण्यात क्षार. दोन्ही नकोत. “आरओ तर घरात आहेच” असं मीही म्हणालो होतो. पण स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओ यंत्रांत गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, पाण्याला चव यावी म्हणून. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं टीडीएस मीटर बुडवलं तर आमच्या पेल्यात आकडा आला 70. माणसाला ते उत्तम. टाकीला 0 हवं. त्या 70 मध्ये नायट्रेट किती, फॉस्फेट किती, सिलिका किती हे मीटर सांगत नाही, आणि शेवाळ्याला तेच हवं असतं. मेम्ब्रेन म्हणजे आरओचा गाळणारा पडदा, त्यानंतरचं न मिसळलेलं पाणी घ्यायचं आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडायची, म्हणजे शून्य येतं. पाणी साठवायला प्लास्टिकचा ड्रम घ्या. आजीची तांब्याची कळशी कितीही पवित्र असली तरी इथे नको. तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगायी आणि पोवळी यांना मारून टाकतो. टाकीतल्या पाण्यात कुठे पितळी स्क्रू नाही ना, तेही बघा.

मीठ स्वयंपाकाचं चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. पोवळं आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेट यांतूनच बांधतं. म्हणून रीफसाठीचं मीठ मिळतं ते घ्यायचं. एका लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम, म्हणजे माझ्या शंभर लिटरला पावणेचार किलोच्या आसपास. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं मीठ. उलट केलं तर कॅल्शियमचा पांढरा गाळ खाली बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्यायचं.

कुणीतरी हमखास विचारतं, मुंबईला जाताना जुहूचं पाणी कॅनमध्ये का आणत नाही? तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं ते समुद्राला लागूनच, मग आपण का नाही? कारण शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात खारेपणा उतरतो, आणि शंभर लिटर तपासून गाळून घेण्याची यंत्रणा माझ्या बाथरूममध्ये नाही.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. दर हजारी 35 हा समुद्राचा आकडा. यंत्र साध्या पाण्यावर शून्याला लावलं तरी वर 35 पाशी ते चुकू शकतं. 35 चं तयार द्रावण मिळतं, त्यावरच लावून घ्या.

आणि आता माझी चूक. एप्रिल होता. टाकीवर दोन छोटे पंखे लावलेले, पुण्याची हवा कोरडी, रोज तीन लिटर पाणी उडून जायचं. मी काय केलं, तर जेवढं कमी झालं तेवढं तयार खारं पाणी ओतलं. टाकी खाऱ्या पाण्याची, मग भर खाऱ्या पाण्याचीच, नाही का? नाही. वाफ होते ती गोड्या पाण्याची. मीठ टाकीतच राहतं. मिठागरात हेच तर करतात. मी रोज तीन लिटरमागे शंभरएक ग्रॅम मीठ जादा घालत होतो. सहाव्या दिवशी मोजलं तर 41. दोन गोगलगायी वाळूवर उताण्या पडल्या होत्या. काहीच न ओतता नुसतं बसून राहिलं तरी चार दिवसांत बारा लिटर उडून खारेपणा 40 च्या जवळ गेला असता, पण निदान मूळ मीठ तेवढंच राहिलं असतं. भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची, आणि शक्यतो रोज. पाण्याची पातळी बघून आपोआप भर घालणारं यंत्र मिळतं. पहिल्या दिवशीच घ्या, दिवा थोडा स्वस्तातला घेतला तरी चालेल.

उकाड्याचंही बोलून घेऊ. रीफला 25-26 अंश मानवतात. परदेशी पुस्तकांत पहिल्या पानावर हीटर असतो. आपल्याकडे नागपूरची किंवा पुण्याची थंडी सोडली तर तो अंग चोरून पडलेला असतो आणि खरा प्रश्न असतो मे महिन्याचा. पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडतं आणि उरलेलं थंड होतं, माठासारखं. पुण्यात यानं दोन-तीन अंश उतरतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवाच दमट, तिथे माठही गार होत नाही आणि टाकीही नाही. तिथे चिलर लागेल, आणि चिलरची किंमत टाकीच्या कितीतरी पट असते. हे आधी माहीत असलेलं बरं.

टाकी कुठे ठेवणार, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. माझी टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भरल्यावर काच, दगड, वाळू, स्टँड धरून दीडशे किलोच्या पुढे. टीव्हीच्या शोकेसवर नाही चालणार. भिंतीला लागून, उन्हापासून लांब, प्लगपासून हाताच्या अंतरावर. वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ घेऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. खारं पाणी आणि वीज एकत्र नांदणार असतील तर घरात गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. पाणी फिरवणारा एक पंप तेवढा मी इन्व्हर्टरवर घेतलाय. दिवा बंद राहिला तर काही बिघडत नाही, पाणी थांबलं तर प्राणवायू संपतो.

आतली यंत्रं मोजकीच. पाणी घुसळायला वेव्हमेकर: पोवळं जागचं हलत नाही, त्याचं अन्न आणि त्याचा श्वास त्याच्यापर्यंत वाहून यायला हवा. आणि स्किमर. गुऱ्हाळात काहिलीवर रस उकळतो तेव्हा वर मळी येते आणि माणूस ती झाऱ्यानं काढत राहतो, ते पाहिलंय? स्किमर तेच करतो, फक्त विस्तवाशिवाय. पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो. विष्ठेतले, अन्नातले सेंद्रिय कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढतात आणि कपात जमतात. त्या कपातलं काळपट पाणी एकदा हुंगलं की हे टाकीत राहिलं असतं तर काय झालं असतं ते कळतं. गोड्या पाण्यात असा बारीक, टिकणारा फेस होत नाही, म्हणून तिथे हे यंत्र दिसत नाही.

दगड आणि पोवळी यांच्यापाशी आलं की भारतात एक गोष्ट आधी बोलावी लागते, आणि दुकानात ती सहसा कुणी काढत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, सगळी दगडी पोवळी आहेत. काळी पोवळी, समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरलेली पोवळी) आणि समुद्रघोडेही. वरळी-हाजीअलीच्या खडकांवरची पोवळी कोस्टल रोडच्या कामासाठी हलवायची होती तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा गुन्हा म्हणजे किमान तीन वर्षांची कैद. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी स्नॉर्केलिंग करताना उचललेला “छोटासा तुकडा” याच कायद्यात बसतो, मेलेला असला तरी. दुकानांत हॅमर, टॉर्च, एक्रोपोरा अशी नावं ऐकू येतील. ही सगळी दगडी पोवळीच. पुस्तकांत ज्याचं कौतुक असतं तो लाइव्ह रॉकही बहुतेकदा जुन्या पोवळ्यांचा सांगाडाच. मी भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिक दगड घेतले. बॅक्टेरियांची त्यावर काही तक्रार नाही. अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या वाचकांना टाकीत वाढवलेल्या पोवळ्यांचे तुकडे सर्रास मिळतात. तिथला नियम तिथे पाहावा.

मग आपल्याकडे रीफ करायचीच नाही का? करायची. झोआ, मश्रूम, चामडी पोवळी म्हणजे लेदर, ही मऊ मंडळी दगडी पोवळ्यांत मोडत नाहीत, सांगाडा बांधत नाहीत आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालतात. बिल मागा, माल कुठून आला ते विचारा, आणि दुकानदार उत्तर टाळत असेल तर तिथून निघा. (अंगठीतलं लाल पोवळं हे आणखी वेगळ्याच जातीचं, खोल समुद्रातलं, टाकीत ते वाढवता येईल का असं मला एका ज्योतिषी काकांनी विचारलंय.)

झोआंबद्दल एक सावधगिरी. त्यांच्या काही भाईबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे घाला, जखमेचा हात टाकीत घालू नका, आणि अशी पोवळी चिकटलेला दगड साफ करायचा म्हणून कधीही उकळू नका. ती वाफ श्वासात जाऊन घरच्या घरं रुग्णालयात गेलेली आहेत.

पोवळं हा प्राणी, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. शैवालाला उजेड मिळाला की ते साखर करतं आणि भाड्यापोटी मालकाला देतं. पोवळ्याचं बरंचसं पोट त्यावर भरतं. म्हणून दिवा हा इथे सजावटीचा भाग नाही, ते स्वयंपाकघर आहे. खोल पाण्यात लाल रंग आधी शोषला जातो आणि निळा उरतो, त्यामुळे दिव्यातही निळा भरपूर लागतो. दिवसाला आठ-नऊ तास पुरे. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावाल तर पोवळं भाजून पांढरं पडेल. निम्म्यावर सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवायचा.

टाकी तयार झाली, दिवा लागला, आता सगळं छान होणार असं वाटतं आणि नेमकी तेव्हाच टाकी विद्रूप होते. आधी वाळूवर तपकिरी पूड पसरते, ती डायटम, सिलिका संपली की जाते. मग हिरवे केस, कधी लालसर गोधडी. इथे माणूस घाबरून औषधाच्या बाटल्या ओततो. ओतू नका. नवीन दगडावरची मोकळी जागा ज्याला मिळेल तो बळकावतोय, नव्या वसाहतीत होतं तसं. हाताने उपटा, दिव्याचे तास कमी करा, खाणं कमी करा, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. शेवाळं खाणाऱ्या गोगलगायी आणा, पण शंख-शिंपल्यांच्याही काही जातींना संरक्षण आहे, तेव्हा जातीचं नाव विचारून. दोन-तीन महिन्यांत निवळतं. एक उलटी चूकही सांगून ठेवतो: नायट्रेट, फॉस्फेट अगदी शून्यावर न्यायच्या मागे लागू नका. उपाशी टाकीत डायनो नावाचा चिकट, बुडबुडेवाला तपकिरी लेप येतो, आणि तो काढताना हिरव्या केसांची आठवण येते. टेस्ट किटवर नायट्रेट पाच-दहा दिसू द्या.

मासे शंभर लिटरला तीन, फार तर चार. पहिली जोडी क्लाउनफिशची, तीही हॅचरीत जन्मलेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांचं प्रजनन होतं, तमिळनाडूत मंडपमच्या सीएमएफआरआय केंद्रातही झालेलं आहे. समुद्रातून पकडून आणलेल्यापेक्षा ते पिंजरा, पेलेट, माणूस या सगळ्याला सरावलेले असतात. त्यांना अॅनिमोनी, म्हणजे समुद्रात ते ज्याच्या मऊ बोटांत लपतात तो प्राणी, लागतेच असं नाही. आमची जोडी पंपाच्या कोपऱ्यात संसार करते. हे सगळे जन्मतः नर. दोघांत जो मोठा आणि दांडगा, तो पुढे मादी होतो. सोबत वाळू चाळणारा एखादा गोबी मासा पुरे. निळा टँग घेऊ नका, तो फूटभर होतो. मँडरिन तर नाहीच. तो जिवंत सूक्ष्म कवचधारी टिपत दिवस घालवतो आणि नव्या टाकीत शांतपणे उपाशी मरतो.

मासा आणला की बंद पिशवी पाऊण तास टाकीत तरंगत ठेवायची, तापमान जुळायला. दुकानातला खारेपणा बऱ्याचदा कमी असतो, मोजून हळूहळू जुळवायचा. पिशवीतलं पाणी टाकीत नाही घालायचं. जागा असेल तर महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचं, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध लागतं आणि ते रीफमध्ये घालता येत नाही, वर सांगितलंच.

गेल्या गणपतीत पाच दिवस गावी गेलो. किल्ली शेजारच्या काकूंकडे. “चिमूटभर घाला” सांगितलं होतं. काकूंना मासे फार आवडतात, आणि त्यांच्या हातची चिमूट उपमा परततानाची. परत आलो तर डबा अर्धा रिकामा, पाणी दुधाळ, स्किमरचा कप भरून वाहिलेला. दोन दिवसांत पन्नास लिटर पाणी बदललं तेव्हा निभावलं. धडधाकट क्लाउन तीन-चार दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दिवाळीला निघताना दिवसाआड एक अशा तारीख घातलेल्या दोन पुड्या बांधल्या, गोड्या पाण्याचा कॅन यंत्राला जोडला, आणि खाण्याचा डबा माझ्या बॅगेत टाकला.